कुंपणालगतची पट्टी भावोजींना

मी, सार्वजनिक बागेतली निवृत्त माळीण, वय एकोणऐंशी, गुडघे सोडून बाकी शाबूत, डोके ठिकाणावर ठेवून आणि कोणाच्याही दडपणाशिवाय हे लिहीत आहे. आधीचे मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात मी धाकट्या दिराबद्दल बरे लिहिले होते.

१. राहते घर पुतणीला. दिराचीच मुलगी, पण बापावर गेलेली नाही. मी पाय मोडून इस्पितळात होते तेव्हा रोज डबा घेऊन तीच आली.

२. भांडी जाऊबाईंना. नवऱ्यापुढे एकदा जरी तोंड उघडले असते, तर कपाटही दिले असते.

३. आता भावोजी. मागच्या वाफ्यात गोल्डनरॉडची, म्हणजे पिवळ्या तुऱ्यांच्या फुलझाडाची, एक ओळ माझ्या नवऱ्याने, जाण्याच्या आदल्या वर्षी, धाप लागत असताना लावली. फुले आली की शेजारून सुरू, "वहिनी, तुमच्या त्या पिवळ्या फुलांनी शिंकून शिंकून जीव जातोय माझा!" मी शंभरदा सांगितले, याचा पराग चिकट असतो, तो माश्या नेतात, वाऱ्यावर उडत नाही, शिंका तुमच्या गॅरेजमागच्या गाजरगवताच्या. ऐकतील तर ते भावोजी कसले! मी इस्पितळात असताना त्यांनी सगळा वाफा खणला, मुळांचे कुदळीने तुकडे केले आणि माती सपाट केली. घरी आल्यावर मी पायरीवर बसून रडले. मी त्यांना माफ केलेले नाही.

शिंका अजून चालू आहेत. गोल्डनरॉडही. मुळाचा बोटभर तुकडा उगवतो, हे त्यांना ठाऊक नव्हते. एका ओळीचा अख्खा वाफा झाला.

४. कुंपणालगतच्या ज्या पट्टीवर भावोजींचा वीस वर्षे डोळा आहे, ती त्यांनाच. त्यांनी केलेले तुकडे वाढवून मी तीन वर्षे तिथेच लावते आहे, हे सांगणे माझे कर्तव्य. पट्टीवर सिमेंट, फरशी किंवा तणनाशक पडल्यास ती त्याच दिवशी पुतणीची. फुकटचे काही नाकारणे त्यांना जमत नाही, म्हणून मला काळजी नाही.

५. खणायला त्यांना पूर्ण मुभा आहे. त्यांची कुदळ त्या दिवशी वाफ्यातच राहिली होती. दांड्याला तेल लावून ठेवली आहे, ती परत करावी.

सही: माळीणबाई
साक्षीदार: समोरच्या शिंपीणबाई (सही), पोस्टातले निवृत्त कारकून (सही, हसू आवरल्यावर)
स्थळ: मागची पायरी
दिनांक: वाफा फुलल्याचा चौथा दिवस