शंभरात बावीस

तीर्थरूप बाबा,
लेकीचा वाकून नमस्कार.

मी मजेत आहे. विद्यापीठातल्या पोरांना इंग्रजी उच्चार शिकवते. म्हणजे ती बोलतात आणि कॉम्प्युटर ऐकून गुण देतो.

माझ्या वाढदिवसाला तुम्ही फोनवर पाठवलेला इंग्रजी निरोप परवा त्याला ऐकवला. शंभरात बावीस! वर्ग खो खो हसला. सगळ्यांत आधी मीच हसले. तीस वर्षं इंग्रजीचे सर म्हणून मिरवलात. आता कळलं ना, पहिल्या वर्षी इथे परदेशात मला लोक का हसायचे?

गुडघे कसे आहेत? आई गोळ्या वेळेवर देते ना?

चुकीचा नमुना म्हणून तुमचा आवाज दरवर्षी लागेल. तेव्हा आणखी एक निरोप पाठवा, जरा लांबलचक. आणि हो, सुधारून बोलायला जाऊ नका.

तुमचीच विद्यार्थिनी