पाठीशी उभा असलेला भाऊ

माननीय उपमंत्री, अर्थात आमचे धाकटे बंधुराज,

हे पत्र मी टाकणार नाही. तुझा सचिव यालाही 'आपल्या भावना पोहोचल्या' असं छापील उत्तर धाडेल.

काल आपल्या मित्रदेशातून ती बाई आली. तिच्या मुलीला त्यांच्या शत्रुदेशाच्या सरकारच्या माणसांनी कॉलेजच्या वाटेवरून उचलून नेलं. तू तिच्या कोटाला पाठिंब्याची निळी फीत टोचलीस, फोटो नीट आला नाही म्हणून पुन्हा टोचलीस आणि म्हणालास, "आम्ही तुमच्या पाठीशी उभे आहोत." पाठीशीच रे! पुढे यायला तुला कधी जमलंय?

तिने साधंच विचारलं, "त्या सरकारशी तेलाचा करार करायला बसाल, तेव्हा आधी माझी मुलगी मागाल का?"

तू हसतमुखाने मला म्हणालास, "ताई, काहीतरी गोडगोड सांग आणि हिला वाटेला लाव."

दुभाष्याने स्वतःचं काही घालायचं नसतं आणि दुसऱ्याचं काही गाळायचं नसतं. मी तुझं वाक्य जसंच्या तसं तिच्या भाषेत सांगितलं. तुझं तोंड तेव्हा बघण्यासारखं झालं होतं! कॅमेरे गेल्यावर मात्र तुला कंठ फुटला आणि मी घरभेदी ठरले.

बाईने फीत काढून तुझ्या टेबलावर ठेवली. लिफ्टमध्ये तिने मला हळूच विचारलं, "या माणसाला मुलगी, बहीण, कुणीच नाही का?"

"मुलगी नाही," मी म्हटलं. "बहीण होती, आत्तापर्यंत."

आपली,
सरकारी दुभाषी