हरणांच्या मोसमातला शनिवार

शनिवार, २ नोव्हेंबर

कोल्बी प्रूइट आला नाही! आमच्या हायस्कूलच्या फुटबॉल संघाचा क्वार्टरबॅक, सगळा खेळ त्याच्या हातून चालतो — आणि कालच्या सामन्याची फिल्म बघायला तोच गैरहजर. पोरं माना खाली घालून हसत होती. आज आख्ख्या टेक्ससात हरणांच्या शिकारीचा पहिला दिवस ना! बाप हॅडली पहाटेच त्याला रानात घेऊन गेला. कोच म्हणून माझा नियम गावातल्या शेंबड्या पोरालाही पाठ आहे: शनिवारची फिल्म चुकवली की पुढच्या शुक्रवारी बाकावर.

पुढचा शुक्रवार म्हणजे ब्रूस्टरशी सामना. हरलो तर मोसम संपला. संपू दे!

सोमवार, ४ नोव्हेंबर

हॅडली शाळेत आला. गुरांच्या खाद्याचं दुकान त्याचं, शाळेच्या समितीवरही तोच. "कोच, अहो पहिला दिवस! माझ्या बापानं मला नेलं, मी पोराला नेलं. यात काय चुकलं?" म्हटलं, काही नाही. हरीण मिळालं? "मिळालं की! चांगलं शिंगांचं!" म्हटलं, मग शुक्रवारी बसा दोघं त्याच्याकडं बघत.

जाताना म्हणाला, "नोकरीचा विचार करा." धमकी? मला? कॉलेजात मदतनीस कोच होतो तेव्हा मुख्य कोच गेला की आम्हा हाताखालच्या सगळ्यांची उचलबांगडी व्हायची. दर दोन-तीन वर्षांनी नवं गाव. नारळ मिळायची सवय आहे मला!

मंगळवार, ५ नोव्हेंबर

लोरीनला सांगितलं. बायकोला कळायलाच हवं. ती पीचच्या रोपांना माती लावत होती. "वर्लिन, हे घर सोडायचं नाही मला. पहिल्यांदाच कुठं झाडं लावलीत मी."

म्हटलं, कुणाची हिंमत आहे! ती पुढच्या रोपाला माती लावू लागली.

शुक्रवार, ८ नोव्हेंबर

हरलो. एका गुणानं. बदली नेस्टर जीव तोडून खेळला. शेवटी शेवटी सगळं मैदान ओरडत होतं — "कोल्बीला आण!" नाही आणला. हेल्मेट मांडीवर घेऊन बसलेल्या पोरानं एकदाच माझ्याकडं पाहिलं. आत तुटलं, खोटं कशाला लिहू. तरी नाही.

शनिवार, ९ नोव्हेंबर

अंगणभर 'घर विकणे आहे'च्या पाट्या! कोच हरला की इथं लोक रात्रीत येऊन ठोकतात. लोरीननं सगळ्या उपटल्या आणि रोपांभोवती वाऱ्याला आडोसा म्हणून लावल्या. हसून हसून पोट दुखलं माझं.

फिल्म बघायला कोल्बी सगळ्यांच्या आधी हजर. मोसम संपला होता, तरी आला.

मंगळवार, १२ नोव्हेंबर

समितीनं काढलं मला. हॅडलीचा हात पहिला वर. "माफी मागितलीत तर अजून बघता येईल..." माफी माझं खेटर मागेल!

बुधवार, २० नोव्हेंबर

हे घ्या! कॅन्ससच्या कॉलेजातून फोन! जुना सोबती तिथं मुख्य कोच झालाय, बचावाची फळी माझ्या हाती देतोय. म्हणाला, "तुझ्यासारखा हेकट माणूसच हवाय मला." फोन ठेवायच्या आत हो म्हणून टाकलं. मग हॅडलीच्या दुकानावरून दोनदा गाडी नेली, हॉर्न वाजवत! जळू दे मेल्याला!

लोरीन बहिणीकडं गेलीय. आली की सांगतो. खूश होईल.

गुरुवार, २१ नोव्हेंबर

खोकी आणली. लोरीननं माझे शर्ट भरले, माझे बूट भरले, आणि हात झटकले. म्हटलं, तुझं सामान?

"फोनवर हो तू म्हणालास, वर्लिन. मी कुठं म्हणाले?"