राजवाड्याचा हंडा

४ जानेवारी

मेले! आज बचत गटाची सहल राजवाड्यावर. आता तिथे म्युझियम आहे. राणीचा पाळणा, बंदुका, पेंढा भरलेला वाघ – बघत बघत मुदपाकखान्यात शिरले आणि भिंतच धरली. काचेत तांब्याचे तीन हंडे. गळ्यावर शिक्का – सूर्य, खाली दोन कट्यारी. पाटी : राजकन्येच्या लग्नातले, मूळ शंभर.

अशाच शिक्क्याचा हंडा बुवापाड्यातल्या चाळीत माझ्या मोरीत आहे! चिंच लावून मीच घासते. गटातली ऋतिका म्हणाली, "क्या हुआ, चक्कर आली?" म्हटलं, ऊन लागलं. आत, सावलीत!

५ जानेवारी

हंडा पलंगाखाली, वर गोधडी. हरेश म्हणतो, "फेक ना यार तो! कंपनीत पर्मनंट व्हायचंय, पोलीस व्हेरिफिकेशन चालू आहे माझं." नवऱ्याची नोकरी जाणार, माझ्यामुळे नव्हे, भांड्यामुळे!

बारवी धरणाकडचा डोंगरातला पाडा सोडून इथे चाळीत आलो तेव्हा सासूबाईंनीच हा हंडा डोक्यावरून आणला होता. विचारलं, मुळात आला कुठून? त्यांनी तोंडात मशेरी घातली आणि भिंतीकडे वळल्या. म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय.

६ जानेवारी

दार वाजलं की आधी हंड्यावरची गोधडी नीट करते. आज गॅसवाला होता.

८ जानेवारी

राहवेना. नाव न सांगता म्युझियमला फोन लावला. तिथले साहेब हसायलाच लागले! "अहो ताई, लग्न उरकलं की राबणाऱ्यांना भांडी वाटायची, ही राजवाड्याची रीतच होती. म्हणून तर आमच्याकडे तीनच उरलेत. तुमच्या घरच्यांनीही कष्ट केले असणार."

हुश्श! देवा! हंडा बाहेर काढला, लख्ख घासला, अख्ख्या चाळीला दाखवला. हरेशने जिलबी आणली. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, इथे चोरी नसताना मी चांदण्यात न्हाऊन निघाले!

९ जानेवारी

उरलेली जिलबी देताना सासूबाईंना फोनचं सांगितलं. त्यांनी जिलबी बाजूला ठेवली. मग म्हणाल्या, "भांडी वाटली खरी. पन आमच्या पाड्याला नाय. लाकडं आमी वाहिली, पत्रावली आमी लावल्या, नि वाटायच्या टायमाला आमाला हाकललं. मंग माज्या सासऱ्यानं एक उचलला नि डोंगर चढला."

हंडा चोरीचाच निघाला. आणि मला आता कसली म्हणून भीती वाटत नाहीये.