होडी डावीकडं ओढते

१२ जून १९७७

मोटरी मिळाल्या! दोन्ही! पुण्याच्या जुन्या बाजारातनं, लष्करी भंगारातल्या. मुठीएवढ्या आहेत, पण बॅटरी लावली तर टेबलावरनं उड्या मारायला लागल्या.

बायको विजयमाला चहा घेऊन आली ती दुकानाच्या दारातच थांबली. "आवं, गिऱ्हाइकांचे पंप जळून पडल्यात तिकडं. आन् तुमी ह्ये काय मांडलंय?" पडू देत पंप! लोकांच्या जळक्या मोटरींना तार गुंडाळून गुंडाळून अंगाला वार्निशचा वास बसलाय. हे काम माझं स्वतःचं. चार फुटी होडी, दोन मोटरींची, काठावर उभं राहून वायरलेसनं पळवायची. परवाना घेतलाय रीतसर. आत माणूस बसवायची गरजच नाही.

१४ जून

ढाचा बशीरला सांगितला. शाळेपासनंचा दोस्त, मिरजेत सतारी करतो, दोन दुकानं सोडून. लाकूड असं तासतो की हातात कागद धरल्यासारखं वाटतं.

"सतारीचा भोपळा पाण्यावर तरंगतो म्हणून होडी बी माझ्याच गळ्यात का रं?" म्हणाला. मग हळूच — "सुकाणू कुठं बसवू?"

"सुकाणू नको. डावी मोटर तोडली की डावीकडं वळंल, उजवी तोडली की उजवीकडं. सुकाणूवाला नकोच मला."

त्यानं रंधा खाली ठेवला. "आक्या, शर्यतीला सोडणार हायस व्हय? नाथाजीअण्णांच्या होडीम्होरं?"

मी उठून आलो. ते नाव माझ्यासमोर काढायचं नाही, हे त्याला पक्कं ठाऊक आहे.

१५ जून

नाव काढलं की दिवस नासतो. लिहून टाकतो एकदाचं.

पावसाळ्यात सांगलीला कृष्णेत होड्यांची शर्यत असते. आमच्या वाडीची होडी दरसाल. माझा थोरला भाऊ अण्णा सुकाणूवर. मी डाव्या अंगाला तिसऱ्या वल्ह्यावर, मिसरूड फुटल्यापासनं. वाडीचा एक नेम आहे — गडी लष्करात गेला की त्याची जागा भरायची नाही. नदीतला एक गोटा आणून तिथं ठेवायचा. जागा भरली तर माणूस परतत नाही, म्हणतात. तो परतला की आपल्या हातानं गोटा पाण्यात टाकतो आणि बसतो. दुसऱ्या कुणी गोट्याला हात लावायचा नाही.

एकाहत्तरला माझा गोटा होताच. मी सिग्नलमध्ये, सीमेवर तारा टाकत होतो. सुरुंगावर डावा पाय गेला, गुडघ्याखाली.

बहात्तरच्या शर्यतीला लाकडी पाय लावून घाटावर गेलो. जखम अजून ओली होती, चाललं की पट्टी लाल व्हायची. पण होडीत चढलो! गोटा काढायला वाकलो तर सुकाणूवरनं अण्णा म्हणाला, "गोटा ऱ्हाऊ दे. उतर."

मला वाटलं चेष्टा करतोय.

"उतर म्हणतो न्हवं!"

साऱ्या वाडीदेखत. उतरलो. चार माणसांनी हात दिला, ते जास्त झोंबलं. त्याच महिन्यात मिरजेला बिऱ्हाड हलवलं. वाडीला पाऊल नाही. अण्णा एकदा दोनदा दुकानापर्यंत येऊन गेला म्हणे, मी मागच्या खोलीतनं बाहेर आलो नाही. विजयमाला माझ्या आईला भेटायला वाडीला जाते. मी विचारत नाही, ती सांगत नाही. गडी परतला म्हणजे गोट्याचा नेम संपला; माझ्या जागेवर आता कोण बसलाय ते मला ऐकायचं नाही.

२ जुलै

ढाचा आला. काय देखणी केलीय गड्यानं! एका हातानं उचलली. वर लाखेचं पॉलिश, बशीरनं टिचकी मारली तर सतारीसारखी घुमली.

९ जुलै

आज गणेश तलावात सोडली. पळाली! अशी पळाली की माझंच तोंड उघडं राहिलं. आणि सरळ जायची ती डावीकडं वळली, आणखी डावीकडं, आणि धुणं धुणाऱ्या बायांच्यात घुसली.

"मुडद्या, मगर सोडलीस का काय पाण्यात!" एकीनं ओला पिळा फेकून मारला. बशीर हसून हसून पायरीवर बसला.

उजवी मोटर मधनंमधनं तोडली तर सरळ जाते. पण मग पळत नाही. दोन्ही पूर्ण जोरात सोडून सरळ गेली पाहिजे. अण्णाच्या होडीच्या पुढनं जायचंय, शेजारनं नाही.

१० जुलै

डावी मोटर अशक्त असणार. दोघींची अदलाबदल केली. आता उजवीकडं ओढायला पाहिजे की नको? डावीकडंच! मला काही कळेना.

१३ जुलै

पाण्यातले पंखे बदलले. डावीकडं.

१७ जुलै

बशीरशी भांडण झालं. मी म्हणालो, मोटरी बघितल्या, पंखे बघितले, उरला काय? ढाचा. तुझा हात कुठंतरी वाकडा गेलाय.

 त्यानं सतारीची तार काढली, नाकापासनं शेपटापर्यंत ताणून धरली. होडी एका रेषेत. गव्हाभर फरक नाही.

"माझा बाप, माझा आजा, कुणाला कुणी वाकडा म्हणलं न्हाई. तू म्हणलास. होडी वाकडी न्हाई आक्या, वाकडं तुझ्या टाळक्यात हाय. पाच वर्सं झाली."

गेला. आता दोस्त पण गेला आणि होडी पण सरळ नाही. छान!

१९ जुलै

बॅटरी जड, ती उजव्या अंगाला आहे. डावं अंग वर उचललं जात असेल म्हणून तिथं वजन ठेवलं. काय ठेवलं? नदीतला गोटा! ठेवून झाल्यावर ध्यानात आलं. हाताला सवय, दुसरं काय. रागानं काढून फेकला आणि शिशाचा तुकडा ठेवला.

तरी डावीकडं!

२४ जुलै

जेवताना विजयमाला भाकरी वाढता वाढता म्हणाली, "वाडीची होडी बी डावीकडंच वढती म्हणं. पाच वर्सं झाली, शेवटाला येती. लोक हसत्यात."

मी ताट सारलं. "त्या घरातली गोष्ट इथं नको!"

"मी होडीचं बोलत्ये," म्हणाली आणि परातीत हात धुतला.  

खोटं कशाला लिहू, बरं वाटलं. शेवटाला येती! मग दुपारभर डोक्यात भुंगा. अण्णासारखा सुकाणूवाला कृष्णाकाठाला नाही. भोवऱ्यातनं होडी काढतो तो. त्याच्या हातात असून होडी डावीकडं कशी ओढेल? आणि ओढत असेल तर पाच वर्षं त्याला ते कळत नाही?

आणि मी का विचार करतोय त्याचा?

३१ जुलै

सापडलं! सापडलं! मी गाढव आहे, पहिल्या नंबरचा गाढव!

सहज डाव्या मोटरीच्या तारेवर बोट पडलं. चटका बसला. उजवीची तार बोटभर लांब, कारण बॅटरी तिच्या शेजारी. डावीची तार वायरलेसच्या डब्याला वळसा घालून येते. आणि तार कुठली? माझी लाडकी, लष्करी टेलिफोनची! आत पोलाद जास्त, तांबं नावाला. तुटत नाही, भिजत नाही, सगळी सीमा हिनं बांधली आम्ही. घरात कपडे वाळत घालायला पण हीच. मोटरीला दुसरी तार लावावी हे डोक्यातच आलं नाही. पाच वर्षं पंपाच्या मोटरींना तांबं गुंडाळणारा माणूस मी! जोर सगळा तारेतच जळत होता. कुठलीही मोटर त्या जागेवर बसवली तरी तिला जोर पुरणारच नाही.

सिग्नलवाला तारेनं फसला.

एवढी साधी गोष्ट. ज्या अंगाला जोर कमी, होडी तिकडं ओढते. माझ्या मोटरीत खोट नव्हती, ढाच्यात नव्हती.

तसाच बशीरकडं गेलो. तो खुंट्या तासत होता. मी म्हणालो, हात तुझा सरळ, टाळकं माझं वाकडं. त्यानं वर न बघता सांगितलं, "बस. पर आधी दोन कप चा सांग."

७ ऑगस्ट

जाड तांब्याची तार. दोन्हीकडं सारखी. तलावात सोडली — बाणासारखी! बशीरनं मला मिठी मारली, दोघं पडता पडता राहिलो.

शर्यतीच्या मंडळींनी परवानगी दिली. शेवटच्या फेरीत, पुलाच्या अलीकडनं सोडायची, होड्यांच्या बाजूनं.

विजयमालानं होडीला हळदीकुंकू लावलं. म्हणाली, "जिंका. पर जिंकल्यावर काय करनार?"

काय करणार म्हणजे? जिंकणार. पुढचा विचार केलेला नाही.

२१ ऑगस्ट

जिंकलो.

लिहायला बसलोय तर एवढंच सुचतंय. दुपारी काठावर ही गर्दी! पाणी बेताचं. होड्या पुलाखालनं आल्या तशी मी माझी सोडली, दोन्ही मोटरी पूर्ण जोरात. सरळ गेली. पोरं ओरडायला लागली, कुणीतरी टोपी उडवली. सगळ्यांच्या पुढं! बशीर नाचत होता.

माझं लक्ष माझ्या होडीवर, म्हणून वाडीची नीट दिसली नाही. वल्ह्यांचं पाणी उडत होतं. फक्त एवढं दिसलं की ती डावीकडं ओढत होती आणि सुकाणूवर अण्णा सगळं अंग टाकून तिला सरळ धरत होता. केस पिकलेत त्याचे. शेवटी आले. काठावरची माणसं हसली.

मला हसू येईल असं वाटलं होतं. आलं नाही.

अण्णानं माझी होडी बघितली. मग काठावर मला शोधलं. आणि — हे मी घरी येईपर्यंत परत परत आठवतोय — तो मान हलवून हसला. लहानपणी मी पहिल्यांदा पोहून पलीकडं गेलो तेव्हा हसला होता, तसाच. हरलेला माणूस असा हसतो काय? मला काही कळत नाही. डोकं दुखतंय.

डाव्या अंगाला जोर कमी आहे, हे आता आंधळ्यालासुद्धा कळेल. मग अण्णा तिथला गडी का बदलत नाही? असा कोण कच्चा माणूस बसवलाय त्यानं, की पाच वर्षं हसं करून घेतोय, पण त्याला उठवत नाही?

विजयमालाला विचारलं. पहिल्यांदाच विचारलं.  डोळे भरून आले तिचे. "मी न्हाई सांगनार. सकाळी घाटावर जावा. होडी तिथंच हाय. आपल्या डोळ्यानं बघा."

२२ ऑगस्ट

गेलो. होडी बांधलेली. डाव्या अंगाला तिसरी जागा. माणूस नाही. गोटा आहे, माझाच. त्याच्यापुढं एक फळी ठोकलेली, लाकडी पाय रुतवून बसायला खाच पाडलेली, पट्ट्यासकट. लाकूड काळं पडलंय, म्हणजे आजचं नाही.

अण्णा होडीतलं पाणी उपसत होता. म्हणाला, "जखम वाळली का रं?"

मी चढलो. गोट्यापाशी वाकलो. या खेपेला तो उतर म्हणाला नाही.