आणखी एक मोहफुलांचा हंगाम

देवरी
रविवार, १४ सप्टेंबर २०२५

तीर्थरूप आई,

नूतनचा वाकून नमस्कार. पत्र पाहून दचकू नका, कुणाला काही झालेलं नाही. मी बरी आहे, पोटभर जेवते, आणि तुम्ही दिलेली जवसाची चटणी अजून पुरते आहे.

फोन सोडून पत्र कशाला, असं तुम्ही म्हणालच. फोनवर तुम्ही स्पीकर लावता आणि समोरच्या शामकलाकाकूंना आपल्या घरचं सगळं माझ्याही आधी कळतं. शिवाय फोनवर तुम्ही विचारता, मी ‘हव’ म्हणते. तुम्ही पुढचं विचारता, मी पुन्हा ‘हव’ म्हणते आणि बोलणं संपतं. आज जरा लांब बोलायचं आहे. आमच्या शाळेतले खेमराज सर उद्या प्रशिक्षणासाठी गोंदियाला येत आहेत, त्यांच्या हाती पत्र देते. ते लाजाळू आहेत, पण चहाला नाही म्हणणार नाहीत.

इकडे पाऊस चांगला आहे. शाळेजवळच्या टोल्यावर, त्या छोट्या वस्तीत, धान यंदा जोरात आहेत. शाळेच्या मागच्या भिंतीला ओल आली म्हणून चौथीचा वर्ग व्हरांड्यात बसवला आहे, त्यामुळे रस्त्याने जाणारी प्रत्येक बकरी आमचा पाढा ऐकून जाते. प्राचीला सांगा, तिच्या विज्ञानाच्या वहीतलं फुलाचं चित्र मी इथल्या मुलांना दाखवलं. ‘बाईच्या पोरीनं काढलं?’ म्हणून सगळ्यांनी हात लावून पाहिलं. तुमच्या लेकाला, स्वप्निलला म्हणावं, राइस मिलमधून आल्यावर तिच्याजवळ थोडा वेळ बसत जा. मोबाईल बाजूला ठेवून.

तुमचा गुडघा कसा आहे? ‘बरा आहे’ एवढंच लिहू नका.

या रविवारी घरी आले नाही. अहवाल लिहायचा आहे असं मी सांगितलं होतं. अहवाल खरंच होता, पण तो कालच संपला. आज सकाळी बस पकडून कुडव्याला येता आलं असतं. आले नाही, कारण आले असते तर तुमच्यासमोर बसून पुन्हा ‘हव’च म्हटलं असतं.

थोडं मागून सांगते. माझ्या पीएच.डी.वर तुम्ही घरात पहिल्यांदा काय म्हणालात ते मला आठवतं. ‘एवढं शिकून डॉक्टर होईल, पन सुई टोचता येईल काय?’ आपण सगळे हसलो होतो. हसलात, पण प्राचीची शाळा, डबा, ताप, सगळं तुम्हीच अंगावर घेतलं. आठवडाभर मी देवरीच्या खोलीत, शनिवारी कधी घरी तर कधी नागपूरला मार्गदर्शक मॅडमकडे. नोकरी करून शिकते आहे असं लोक माझं कौतुक करतात. तुमचं नाव त्यात कुणी घेत नाही.

माझा विषय तुम्हाला ठाऊक आहे. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं पडायला लागली की टोल्यावरची घरंच्या घरं उजाडायच्या आत जंगलात जातात. मुलंही जातात. शाळा अर्धी रिकामी होते. त्या दिवसांत मुलांचं शिकणं कुठे जातं, हे मला शोधायचं होतं. गेल्या एप्रिलमध्ये मी पालकांना शाळेत बोलावलं, खुर्च्या मांडल्या, छापील प्रश्नावली काढली आणि एकेकाला विचारलं. मूल रोज शाळेत येतं का? हव. घरी अभ्यासाला बसतं का? हव. वर्गातलं समजतं का? हव बाई, चांगलं समजते. धनीरामची मुलगी संध्या अख्ख्या मार्चमध्ये माझ्या वर्गात दिसली नव्हती. तोही माझ्या डोळ्यांत पाहून म्हणाला, ‘हव, रोज येते.’

मी सगळं भरून, तक्ते काढून नागपूरला नेलं. मॅडमनी पानं चाळली आणि चष्मा काढून ठेवला.

‘नूतन, ही उत्तरं नाहीत. घरी आलेल्या पाहुण्याला चहा देतात ना, तसं त्यांनी तुला हे दिलं आहे.’

‘पण मॅडम, मी त्यांना रोज भेटते.’

‘म्हणूनच. तू त्यांच्या मुलांची बाई. बाईला कोण नाही म्हणेल?’

परतीच्या गाडीत मला मॅडमचा राग आला. माहेरचं सौंदड मागे पडेपर्यंत राग होता. मग शरम वाटली, कारण मला हा चहा ओळखता यायला हवा होता. लग्न होऊन आल्यापासून मी तुम्हाला तोच देत आले आहे. भाजी तिखट झाली का? नाही आई. दमलीस का? नाही आई. तुम्ही वाईट आहात म्हणून नव्हे. मोठ्या माणसाला नाही म्हणायचं नसतं, एवढंच मी माहेरून शिकून आले होते.

मॅडमनी दोन वाटा सांगितल्या. विषय बदल, जवळच्या चार शाळांची माहिती घे, वर्षभरात लिहून मोकळी हो. किंवा पुढच्या हंगामात खुर्ची न मांडता त्यांच्यासोबत जंगलात जा.

मी पहिलीच वाट धरणार होते. खरंच. पण जुलैच्या शेवटी एका रविवारी संध्याच्या घरी गेले तर घर बंद. तिची आई दुर्पता धानाच्या बांधीत रोवणा करत, रोपं लावत होती. मी बांधावर उभी राहून बोलू लागले. ती वर पाहीना. शेवटी चप्पल काढली, साडी खोचली आणि चिखलात उतरले. सौंदडच्या पोरीला रोवणा काही नवा नाही. दुर्पता थोडा वेळ माझे हात बघत राहिली.

‘बाई, तुमी तं सरळ लावून राहिल्या!’

‘मग? तुला काय वाटलं, मला फक्त खडू धरता येतो?’

‘आमाले तसंच वाटत होतं,’ म्हणाली आणि खदखदून हसली. मग ओळीमागून ओळ लावत आपणहून बोलू लागली. ‘संध्या मोहाच्या दिवसात शाळेत नाही ये बाई. कशी येईल? फुलं वेचाले हात पायजे. पन तिथं झाडाखाली पोरं शाळा खेळतात. संध्या बाई होते. तुमच्यासारखीच वरडते, कंबरेवर हात ठेवून.’

‘काय शिकवते?’

‘तुमी शिकवता तेच. गणित, गोष्टी. लहान पोरायले गोंडीत सांगते.’

‘गोंडीत?’

‘मंग काय इंग्लिशमध्ये?’

आई, मी तशीच वाकून उभी राहिले. हातातली रोपं लावायची विसरले. मी दोन वर्षं जे हरवलं म्हणून शोधत होते, ते मोहाच्या झाडाखाली एक नऊ वर्षांची पोरगी आपल्या भाषेत पुन्हा मांडते आहे. खरंच तसं आहे का, किती मुलं, काय उरतं, काय सुटतं, हे मला पाहायचं आहे. ते फक्त मार्चमध्ये, फुलं पडताना दिसतं. आणि ते मला दिसू देतील ते मी टोल्यावरची आहे म्हणून. लांबून सुटी काढून आले, तर पुन्हा चहाच मिळेल.

तेव्हा आता ते सांगते. पोळ्याला तुम्ही विचारलंत, ‘बदलीचा अर्ज भरला ना वो?’ आणि मी ‘हव’ म्हणाले. भरला नव्हता. तेव्हा मुदत बाकी होती, मला वाटलं होतं भरेन. घराजवळच्या फुलचूरच्या शाळेत जागा होती, अवघड क्षेत्रात इतकी वर्षं काढल्यामुळे हक्कही होता. गेल्या गुरुवारी मुदत संपली. मी अर्ज भरला नाही.

तुम्ही कोपऱ्यातली खोली झाडून माझ्यासाठी टेबल लावलं आहे, हे मला प्राचीनं सांगितलं. ‘सून आली की गुडघ्याचं ऑपरेशन करू’ असं तुम्ही डॉक्टरांना सांगून आला आहात, हेही ठाऊक आहे. मी एक वर्ष मागते आहे ते तुमच्या गुडघ्यातून. दुसरीकडून मागता आलं असतं तर मागितलं असतं. स्वप्निलला मी सांगितलं. तो म्हणाला, ‘माझी हरकत नाही. पण आईला तूच सांग. मी त्या दिवशी मिलमध्ये असेन.’

माझं म्हणणं असं आहे. दिवाळीच्या सुट्या लागल्या की ऑपरेशन करून घेऊ. सुट्यांना जोडून मी रजा काढते. नंतर स्वयंपाकाला बाई लावू, स्वप्निलनंही हात लावायला हवा. आणि हे तुम्हाला मान्य नसेल, तर स्पष्ट नाही म्हणा. मग मी मॅडमची पहिली वाट धरीन, रजा घेऊन घरी येईन आणि मनात अढी ठेवणार नाही. अढी अजिबात नसेल असंही लिहू शकत नाही. थोडी असेल. जाईल.

तुमच्या उत्तराची वाट पाहणारी, या वेळी पूर्ण बोललेली तुमची सून,
नूतन

*

कुडवा
गुरुवार

नूतनले आशीर्वाद.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. सातवी पास हावो, वाचता येते मले. प्राची मागं लागली होती, मी वाचून दाखवते आजी म्हणून. तिले दिलं नाही. शामकलाले बी दिलं नाही. ती दारात येऊन विचारून गेली, ‘सुनेचं पत्र? फोन बिघडला काय?’ मी म्हणलं, हव, बिघडला.

खेमराज गुरुजीनं चहा दोनदा घेतला. लाजाळू बिजाळू काही नाही.

आता ऐक. मले राग आला. बदलीचा नाही, पोळ्याचा. माह्याच स्वयंपाकघरात माह्यासमोर बसून खोटं बोलली. मी काय वाघीण हावो? सगळ्या गल्लीत सांगून ठेवलं, सून फुलचूरले येऊन राहिली. आता मले एकेका दारी जाऊन वापस घ्या लागते. सोमवारी दिवसभर भांडे आपटले. स्वप्निल बिचारा विचारे, ‘आई, काय झालं?’ मी म्हणलं, तुले ठाऊक हाय काय झालं ते. मुकाट्यानं भांडे घासाले बसला.

मंग मंगळवारी मनात आलं, तुले सुनावतो तं आपलं बी पाहावं. तुले खरं लिहाचं म्हणून लिहून राहिली. सून आली की ऑपरेशन करू, हे मी डॉक्टरले सांगितलं ते खरं. पन तू दोन वर्साआधी आली असती तं मी दुसरं काही सांगितलं असतं. पोरीची परीक्षा हाय, पावसाळा हाय, काही बी. मले भेव लागते वो. माहा भाऊ दवाखान्यात गेला तो चालत वापस आलाच नाही. कोणाले सांगितलं नाही. सगळे विचारत, ऑपरेशन काऊन नाही करत? मी म्हणत होती, सून येऊ द्या. तुह्या बदलीच्या मागं लपून बसली होती. तूच आता सांगतं की येत नाही, तं लपाले जागा कुठं राहिली?

म्हणून काल स्वप्निलच्या गाडीवर बसून गेली डॉक्टरकडं. दिवाळी झाली की लगेच करू म्हणाले. मी डॉक्टरले विचारलं, मरतो तं नाही ना? तो हसला. लहान हाय, पन चांगला वाटला.

स्वयंपाकाले बाई लावाची नाही. माह्या चुलीजवळ दुसरी कोणी नोको. स्वप्निलले वरण येते, भात खाली लागते, शिकल. प्राची पोळ्या लाटाले बसली कालपासून. जगातले सगळे देश काढून राहिली तव्यावर.

तू मार्चमध्ये जाय तिकडं. मोहाखाली बस, त्या पोरीची शाळा पाय. ती गोंडीत काय सांगते ते नीट लिहून घे. आन् तिले वरडू नोको, लाजल. टेबल खोलीत राहू दे, रविवारी लिहाले बस तिथंच. वर्स एकच, म्हणली तू. एकच.

मले एक गोष्ट पायजे तुह्याकडून. ऑपरेशनच्या दिवशी तू दाराबाहेर बसून राह्यची. नागपूरच्या मॅडमचा फोन आला तरी उठाचं नाही. भूल उतरली की पयलं तोंड मले तुहं दिसलं पायजे. स्वप्निलचं नोको, तो रडते.

रागावलेली, पन तारीख घेऊन आलेली,
तुही सासू
रुख्मा