खुर्चीची नोकरी

प्रिय वहिनीस (आणि तिच्या तोंडून दादास),

दोघांना नमस्कार. दादाच्या डोळ्यावरची पट्टी निघाली का? थेंब नीट घालू देतो का, की ऐन वेळी पापणी मिटून सगळं औषध गालावर घेतो? ऑपरेशननंतर त्याला वाचायची मनाई आहे, तेव्हा हे पत्र तू त्याला मोठ्याने वाचून दाखवशील असं धरून लिहिते आहे. फक्त कंसातला मजकूर तुझा एकटीचा. (नन्सच्या शाळेत एका बाकावर बसून आपण दोघी हेच शिकलो, प्रार्थना मोठ्याने आणि बाकीचं ओठ न हलवता. तुला जमेल.) माझी प्रकृती बरी आहे. गुडघे बसू देतात, उठू देत नाहीत. डॉक्टर म्हणतात, वयाप्रमाणे आहे. जसं काही वय मी हौसेने आणलं.

आता तुमच्या शेंडेफळाविषयी. मुंगी नोकरी शोधायला माझ्याकडे आली तेव्हा दादाने फोनवर अट घातली होती की महिनाअखेरपर्यंत खुर्चीची नोकरी मिळाली तर ठीक, नाहीतर मुकाट्याने परत यायचं आणि त्याच्या मित्राच्या कचेरीत टेबलाशी बसायचं. खुर्चीची म्हणजे कशी, हेही त्याने मला समजावलं. डोक्यावर पंखा हवा, आजूबाजूला सभ्य माणसं हवीत आणि हात काळे होता कामा नयेत. मी हो म्हटलं. (त्याला नाही म्हणायला फोनवर जागाच कुठे सापडते.) पण नोकरी शोधण्याची मुंगीची पद्धत अशी की सकाळी एक अर्ज पाठवायचा आणि उत्तर येईपर्यंत माझ्या घरातली एकेक वस्तू उघडायची. दारावरची घंटा उघडली, मिक्सर उघडला. साखरेच्या डब्यात मला स्क्रू सापडले. भिंतीवरचं घड्याळ मी नोकरीत असल्यापासून मुद्दाम दहा मिनिटं पुढे ठेवलं होतं, ते तिने बरोबर करून ठेवलं. आता मी सवयीने दहा मिनिटं वजा करते, सगळीकडे उशिरा पोचते आणि कुलूप बघत उभी राहते. अर्जांना उत्तरं आली नाहीत ती नाहीतच. एका संध्याकाळी ती घंटेच्या तारा हातात घेऊन म्हणाली, "आत्या, मी कशाच्याच उपयोगाची नाही का गं?" मला राग आला. कुणाचा, ते ठरवता येईना, म्हणून दुसऱ्या दिवशी मी तिला सरकारी करिअर केंद्रात नेलं.

हे केंद्र आमच्या सार्वजनिक वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर आहे आणि तिथे सगळं फुकट असतं, त्यामुळे मी आधीच सावध होते. एका दाढीवाल्या तरुणाने आम्हाला बसवलं. तो तिथला सल्लागार. (दाढी काढली तर दहावीतला वाटेल.) त्याने मुंगीला विचारलं, तुला काय करायला आवडतं? मी म्हटलं, तिला टेबलाशी बसायला आवडतं. त्याने विचारलं, शाळेत कोणता विषय आवडायचा? मी म्हटलं, हिशेब. मग पेन खाली ठेवून तो मला म्हणाला, "मावशी, तुम्हालाही नोकरी हवी आहे का?"

"मी आत्या आहे."

"मग आत्या, तुम्ही जरा बाहेर बसता का?"

वहिनी, शाळा सुटल्यापासून मला कुणी खोलीबाहेर काढलेलं नाही. (शाळेतही काढलं ते तुझ्यामुळे. हसलीस तू, आणि उभी राहिले मी.) बाहेरचा बाक इतका बुटका होता की त्यावर बसले असते तर मला उचलायला माणसं बोलवावी लागली असती. म्हणून मी शेजारच्या रिकाम्या खोलीत गेले. तिथे टेबलाच्या अलीकडे एक साधी खुर्ची होती आणि पलीकडे एक उंच पाठीची, हातांची. मी अर्थातच उंच पाठीची घेतली. एवढ्यात पन्नाशीचे एक गृहस्थ आत आले, नमस्कार करून साध्या खुर्चीवर बसले आणि समोर बसलेली बाई म्हणजे केंद्राची अधिकारी असा त्यांचा समज झाला. त्या खोलीत केंद्राची माणसं मालक लोकांना भेटतात, त्यांना कशी माणसं हवीत ते विचारतात, हे मला कुठून माहीत असणार? गैरसमज व्हायचा तो झाला. (मला तिसऱ्या वाक्यालाच कळलं होतं. पण एकदा बसल्यावर गुडघे उठू देतात का? आणि शिवाय खुर्ची छान होती.)

गृहस्थांचा यंत्रसामग्रीचा व्यवसाय आहे. (लिफ्ट. बंद पडलेल्या लिफ्ट दुरुस्त करतात.) मी टेलिफोन खात्यात जन्मभर तक्रार विभाग सांभाळला, त्यामुळे समोर माणूस बसला की माझ्या तोंडून आपोआप निघतं, बोला, काय तक्रार आहे? ते म्हणाले, तरुण मुलं येतात आणि महिनाभरात पळून जातात. हल्लीच्या मुलांना कष्ट नकोत.

"पहिल्या दिवशी त्यांना काय काम देता?"

"चहा आणायला पाठवतो."

"तुमची यंत्रं चहावर चालतात का?"

मी विचारलं, काम शिकवतं कोण? ते म्हणाले, बघून बघून शिकतात. मी म्हटलं, बघतात काय? ते म्हणाले, "मी ओरडतो, ते बघतात." माणूस प्रामाणिक होता. आपल्या कचेरीच्या दारावर त्यांनी म्हणे पाटी लावली होती, तरुण आणि अनुभवी पाहिजेत. मी सांगितलं, दोन्ही एकाच माणसात हवं असेल तर आईच्या पोटातून पाना घेऊन आलेलं बाळ शोधा, आणि त्यालाही चहाला पाठवू नका. गृहस्थ हसले. मग म्हणाले, बाई, माझा जुना कारागीर शिकवायला तयार आहे हो, पण त्याला त्यासाठी वेळ द्यायचं मला कधी सुचलंच नाही.

त्यांच्या मागे बघते तो दाढीवाला दारात. हातात चहाचा कप, आणि चहावर साय धरलेली. मला वाटलं, आता पुन्हा बाहेर. पण तो शांतपणे आत आला आणि गृहस्थांना म्हणाला, हे सगळं आपण नीट ठरवून घेऊ. मग मालकाच्या मागे लागून त्याने एकेक गोष्ट कबूल करून घेतली. शिकवणार कोण, सुट्टी कधी. (सुरक्षेचा पट्टा कुणाचा, हेही.) शिकण्याच्या काळातला थोडा पगार केंद्र देणार आणि अधूनमधून तो स्वतः येऊन पाहणार. (माझी दहावीची टीका मी मागे घेते.)

मुंगी त्याच्यामागून आत आली होती. तिने त्या गृहस्थांना कामाविषयी एक प्रश्न विचारला. (लिफ्ट मध्येच अडकली तर खाली का पडत नाही, हा.) त्यांनी खिशातली किल्ली आणि माझ्या चष्म्याची दोरी घेऊन तिला उत्तर दिलं. मग तिने दुसरा प्रश्न विचारला, आणि मी, दाढीवाला, साय, सगळे विसरले गेलो. (वहिनी, हा चेहरा मी आधी एकदाच पाहिला आहे. सिस्टरने पियानोचं झाकण उघडून आतल्या हातोड्या दाखवल्या तेव्हाचा, तुझा. तुला काय आवडतं, हे तेव्हा कुणी विचारलंच नाही. लग्न ठरवताना आम्हीसुद्धा नाही.)

तर दादा, सांगायला आनंद वाटतो की एक दिवस काम करून पाहिल्यावर मुंगीला त्याच ठिकाणी नोकरी मिळाली आहे. सोमवारी रुजू व्हायचं आहे. स्वतंत्र केबिन आहे, केबिनमध्ये पंखा आणि मोठा आरसा आहे, बटण दाबलं की दार आपोआप उघडतं, आणि दिवसातून कितीतरी वेळा वर जाण्याची संधी आहे. माणसं सगळी सभ्य. (त्या दिवशी मी तिला बघायला गेले होते, भांडायच्या तयारीने. पट्टा बांधून ती चौथ्या मजल्यावर, कोपरापर्यंत काळी. मला जिना चढवेना, म्हणून खाली उभी राहून मनातल्या मनात भांडले. मग लिफ्ट खाली आली, दार उघडलं, आत मुंगी. म्हणाली, "आत्या, चल." मी चौथ्या मजल्यावर जाऊन परत आले. तिथे माझं काहीही काम नव्हतं.)

तुम्ही दोघं जपून राहा. दादाला थेंब घालताना त्याचं नाक धर, पापणी आपोआप उघडते.

तुमची,
आत्याबाई

ता. क. शिक्षण दोन वर्षांचं आहे. तोवर मुंगीने माझ्याकडेच राहावं, असं माझं म्हणणं आहे. स्क्रूंविषयी वर लिहिलं ते मनावर घेऊ नका. साखर मी चाळून घेते.

आणखी एक. केंद्राने मला आठवड्यातून दोन सकाळी बोलावलं आहे. मुलाखतीच्या सरावासाठी त्यांना एक मालक हवा होता, ज्याच्यापुढे मुलांना घाम फुटेल. ती उंच पाठीची खुर्ची आता माझी. तेव्हा दादाने म्हटल्याप्रमाणे घरात एक खुर्चीची नोकरी आलेली आहे.

शेवटचं, आणि हे दादासाठी. पट्टी केव्हाच निघाली आणि तू पोस्टमनच्या हातून पत्रं परस्पर घेतोस, हे वहिनीने मला मागच्याच आठवड्यात सांगितलं. लहानपणी माझ्या पत्रातलं खोडलेलं तू उजेडात धरून आधी वाचायचास, तेव्हा आज कंस आधी वाचले असशील. बरं केलंस, कारण खरं तेवढंच आहे. मुंगी तुझी परवानगी मागणार नाही आणि तुझ्या होकाराशिवाय सोमवारी तिचा पाय उचलणार नाही, दोन्ही तुझ्याकडूनच घेतलेलं आहे. रविवारी फोन कर. मी उचलणार नाही. आणि हे पत्र आता वहिनीला दे, पियानोचं तिने अजून वाचलेलं नाही.